नेट चालस, मंग गेमच कसाले अडकस? राउटरची तपासणी, फुकटापासून खर्चापर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. रात्री नऊनंतर फोन वाजला की पलीकडे बहुतेक अकरावी-बारावीचा पोरगा असतो, आणि त्याचं पहिलं वाक्य वर मथळ्यात घातलंय तेच असतं. यूट्यूब चालतं, आईची मालिका चालते, मोठ्या भावाची मीटिंग चालते, अडकतो तो फक्त गेम. पारोळा, चोपडा, धरणगाव, एरंडोल, गाव कुठलंही असो, तक्रार तीच. तपासायचा माझा क्रमही ठरलेला आहे. उलट्या क्रमाने जाणारे आधी आठ अँटेनांचा राउटर आणतात आणि मग मला बोलावतात.

लक्षणं

तुमचा त्रास यातला कोणता आहे ते आधी ठरवा. निम्मं काम तिथेच होतं.

१. चालू गेममध्ये सगळंच बंद पडतं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतं. त्या वेळी राउटरचे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक करून लागतात.

२. पिंग (निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) चांगला ३०-४० असतो, मध्येच ४०० किंवा ९०० वर उडी मारतो आणि दोन सेकंदांत खाली येतो. आपला खेळाडू पुढे पळतो आणि रबर लावल्यासारखा मागे ओढला जातो. गोळी आपण आधी मारलेली असते, मरतो मात्र आपणच.

३. ठरावीक वेळेलाच त्रास होतो. दुपारी मस्त चालतं, रात्री नऊ ते अकरा बोंब.

४. ओट्यावर किंवा पुढच्या खोलीत चालतं, मागच्या खोलीत नाही.

५. पिंग बरा आहे, पण मित्राच्या लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, जाता येत नाही किंवा आवाज ऐकू येत नाही. कन्सोलवर ‘नॅट स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’ असं काहीतरी दिसतं, म्हणजे राउटर बाहेरून येणारी जोडणी अडवतोय.

पहिलं लक्षण विजेचं. दुसरं बहुतेक वायफायचं, नाहीतर घरातल्याच कुणाच्या तरी अपलोडचं. तिसरं अपलोडचं किंवा कंपनीच्या गर्दीचं. चौथं भिंतीचं. पाचवं वेगळंच प्रकरण आहे, त्याचं शेवटी सांगतो.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाकू. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला म्हणून पिंग कमी होत नाही. चालू गेमला डेटा फार थोडा लागतो, बहुतेक वेळा एक एमबीपीएससुद्धा नाही. गेमला हवं असतं ते वेळेवर पोचणं. एसटी मोठी असून उपयोग नाही, ती वेळेवर सुटायला हवी. व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, म्हणून दोन सेकंदांचा खंड तुम्हाला कळतही नाही. गेमला पुढचं काही साठवून ठेवता येत नाही. समोरचा आता कुठे पळणार हे अजून ठरलेलंच नसतं! म्हणून ‘बाकी सगळं चालतं’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पैसा न लागणाऱ्या गोष्टी

गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. हसू नका, मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे. जळगाव ते मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं धरून १५ ते ३० पिंग मिळाला तर आपल्या भागात तो उत्तम समजा. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथलं जाणं-येणंच जवळजवळ ४० मिलिसेकंदांचं, प्रत्यक्षात साठ-सत्तरच्या पुढेच. मित्राने ‘सिंगापूरला सोपी लॉबी मिळते’ म्हणून सर्व्हर बदलायला लावला असेल, तर राउटरला शिव्या देऊ नका. फोनवर एखादं व्हीपीएन (नेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं अ‍ॅप) चालू राहिलंय का तेही बघा. ‘पिंग बूस्टर’ नावाची अ‍ॅपं काढून टाका. डीएनएस बदलल्याने चालू गेमचा पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो, तो सापडला की त्याचं काम संपलं.

मग उठा आणि राउटरपाशी जा. बहुतेक घरांत तो फायबर घरात शिरतो त्या कोपऱ्यात, छताला लागून, लोखंडी कपाटाच्या वर असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात, बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. त्याच्यापुढे आतली चिप स्वतःला सांभाळायला वेग कमी करते, नाहीतर अडकून बसते. चोपड्याच्या एका घरात गेलो तर राउटरवर क्रोशाने विणलेलं झाकण, त्यावर प्लॅस्टिकचा गुलाब. काकूंनी टीव्हीला, मिक्सरला आणि राउटरला एकाच रंगाच्या दोऱ्याचे सेट केले होते. झाकण उचललं, हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही. झाकण काढलं, राउटर भिंतीवर छातीच्या उंचीला खिळ्यावर टांगला. काकूंना वाईट वाटलं, पण मुलाने नंतर फोन केला नाही.

रोज राउटर बंद-चालू केल्यावरच गेम नीट चालत असेल, तर त्याला उपाय समजू नका. तेही लक्षणच आहे, उष्णतेचं नाहीतर अडॅप्टरचं.

दिवेही बघून घ्या. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ (PON) लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. ‘लॉस’ (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर तुमच्या घरापर्यंत उजेडच येत नाही. खालचं काही करण्यात अर्थ नाही, थेट केबलवाल्याला फोन करा. कापसाच्या हंगामात हे आमच्याकडे नेहमीचं. गाडीवर कापूस इतका उंच रचलेला असतो की रस्त्यावर लोंबणारी केबल तोडूनच ती पुढे जाते.

दोन पिंग

हा भाग घाईत वाचू नका. घरात शिरल्यावर बाकी सगळ्याच्या आधी मी हेच करतो आणि भांडणं इथेच मिटतात.

प्रश्न एकच: दोष राउटरच्या अलीकडे आहे की पलीकडे? कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडा. तिथे पिंग हा शब्द, एक मोकळी जागा, राउटरचा पत्ता, पुन्हा मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि टी. शब्द, अक्षर आणि आकडे अर्थात इंग्रजीतच टाइप करायचे. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला सापडेल. तशीच दुसरी खिडकी उघडा आणि तिथे राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ टाका, हा बाहेरच्या, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्ही शेजारी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं चालू द्या. त्याच वेळी गेम खेळा किंवा दुसऱ्याला खेळायला लावा. मोबाइलच असेल तर पिंग मोजणारं कुठलंही मोफत अ‍ॅप चालेल.

आता आकडे वाचा. राउटरचा पिंग वायरवर एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी हवा, वायफायवर दोन ते पाच, कधीमधी दहा. गेम अडकला त्याच क्षणी हा आकडा २०० झाला, तर दोष घरात आहे: वायफाय, भिंत, केबल नाहीतर राउटर. कंपनीवाल्याशी भांडून काही होणार नाही. उलट राउटरचा आकडा दोन-तीनवर शांत आणि ८.८.८.८ चा उड्या मारतोय, तर त्रास राउटरच्या पलीकडे आहे. पण थांबा, ‘पलीकडे’ म्हणजे लगेच कंपनीच असं नाही. तुमच्याच घरातल्या कुणीतरी बाहेर जाणारी वाट भरून टाकली असेल, तरी आकडे असेच दिसतात.

पारोळ्याचं एक उदाहरण सांगतो. मुलगा तीन आठवडे कंपनीशी भांडत होता. रात्री साडेनऊ झाले की पिंग ६००. मी दोन्ही खिडक्या लावून बसलो. साडेनऊ वाजले, राउटरचा आकडा तीनवरून हलेना, बाहेरचा चढत गेला: ९०, २४०, ५८०. मी विचारलं, आत्ता घरात काय झालं? काहीच नाही. आई जेवण उरकून फोन चार्जिंगला लावून ओट्यावर बसल्या होत्या, एवढंच. त्यांचा फोन हातात घेतला. मुलीच्या लग्नातले हळदीचे व्हिडिओ, सातशेच्या वर फोटो, आणि बॅकअप ‘वायफायवर आणि चार्जिंगला असतानाच’ असा लावलेला. रोज रात्री हळद थोडी थोडी वर चढत होती. बॅकअप एका रात्रीत पूर्ण होऊ दिला आणि प्रश्न मिटला.

असं होतं कारण अपलोडची वाट भरली की राउटर डेटाची पाकिटं फेकून देत नाही, रांगेत लावतो. गेमचं एवढंसं पाकीट फोटोंच्या मागे ताटकळत उभं राहतं. म्हणून पिंग बघत असतानाच घरातला एकेक फोन वायफायवरून काढत जा. कोणता काढल्यावर आकडा खाली येतो ते कळतं. क्लाउडवर चित्रण पाठवणारे कॅमेरे, कॉम्प्युटरचे अपडेट, कुणाची तरी रील, हे नेहमीचे संशयित.

वायफाय

राउटरचाच पिंग उडतोय असं दिसलं, तर पुढची तपासणी सोपी आहे. कॉम्प्युटर उचला, राउटरपाशी न्या आणि लॅन केबल लावा. राउटरसोबत आलेली तीन-चार फुटांची पुरते. केबलवर सगळं शांत झालं तर राउटर ठीक आहे, वायफाय गुन्हेगार. केबलवरही उडतंय तर केबल किंवा पोर्ट बदलून बघा, मग राउटरवर संशय घ्या.

वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातो, पण त्यावर अख्ख्या गल्लीची गर्दी. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. आपल्याकडे त्यात १३ चॅनल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्‌झवर मोकळीक आहे, पण भिंत आली की तो दम टाकतो. त्यामुळे राउटरच्याच खोलीत खेळत असाल तर ५ वापरा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर वेगळी नावं द्या, नाहीतर फोन ऐन सामन्यात एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. २.४ वर राहावंच लागणार असेल तर चॅनल १, ६, ११ पैकी सर्वांत रिकामा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा.

हे मला उशिरा कळलं: ब्लूटूथ इअरबड आणि २.४ चं वायफाय फोनमध्ये एकाच पट्ट्यावर चालतात आणि पुष्कळ फोनांत अँटेनाही वाटून घेतात. इअरबड काढून वायरचा हेडफोन लावा आणि पिंग बघा. काही फोनांवर फरक इतका पडतो की पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

भिंतींचं आपल्याकडे खास आहे. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात आत गार वाटतं, पण ५ गिगाहर्ट्‌झ त्यातून जात नाही म्हणजे नाही. कूलरही आड येतो. लोखंडी डबा, आत टाकीभर पाणी. धातू लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं. राउटर आणि पलंग यांच्या मध्ये खिडकीतला कूलर असेल तर उन्हाळ्यातच त्रास होणार आणि जुलैत आपोआप जाणार. ‘पावसाळा लागला की नेट सुधारतं’ असं एक आबा मला सांगायचे. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. कूलर उचलून माळ्यावर ठेवला की सुधारायचंच!

स्वस्तातले रिपीटर मी गेमसाठी लावून देत नाही. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं. व्हिडिओला चालतं, गेमला नाही. त्याच पैशात कॅट ६ केबल येते. घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण वाकवली की तुटते. झरोक्यातून आत घ्या, पट्टीत बसवा, खिडकीच्या चौकटीत चेपू नका. टोकाची प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल तर ते टोक बदला. ढिली केबल पंख्याच्या वाऱ्यानेही हलते आणि मग तुम्ही आठवडाभर भूत शोधत बसता.

वीज

दिवे विझून पुन्हा लागत असतील तर वरचं सगळं सोडा आणि इथून सुरुवात करा.

राउटर कुठल्या बोर्डावर आहे? मी बघितलेल्या निम्म्या घरांत राउटर, फायबरचा डबा आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि राउटर पुन्हा चालू होतो. राउटर वेगळ्या सॉकेटवर न्या. खर्च शून्य.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टर असूनही नेट तुटतं का? इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर बॅटरीकडे जायला जास्त मिलिसेकंद लागतात. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. यूपीएसवर करून बघा. मात्र यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडं खाली आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज कमी असणाऱ्या गावांत त्याने बॅटरी लवकर उतरेल, तेवढं लक्षात ठेवा.

मग अडॅप्टर. राउटरचा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आणि माझ्या मते उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. बाहेरून दिवा लागलेला दिसतो, पण रात्री घरातले सगळे फोन जोडले गेले, राउटरने जास्त करंट मागितला, की व्होल्टेज ढासळतं. म्हणून दुपारी ठीक, रात्री बंद. सेम रेटिंगचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. लेबलवर १२ व्होल्ट आणि १ अँपिअर असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. ९ व्होल्टचा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर ‘पिन बसते’ म्हणून लावू नका. जळगावच्या गोलाणी मार्केटात चांगला अडॅप्टर दोन-तीनशेत मिळतो.

लाईट रोजच जात असेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या. हजार-पंधराशेला येतो, दोन-तीन तास काढतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. पुष्कळ जण फक्त राउटरला लावतात आणि वायफायचं चिन्ह दिसतं पण नेट नाही म्हणून मला फोन करतात.

राउटरच्या आत

इथून पुढे सेटिंग. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. परत यायची वाट माहीत असू द्या.

राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कुणाला किती वेग आणि आधी कुणाला, हे ठरवायची सोय) असेल तर एकूण मर्यादा तुमच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, अपलोडची विशेषकरून. १०० ची लाईन असेल तर ८५-९०. वेग मुद्दाम कमी करायचा हे विचित्र वाटतं, पण त्याने रांग तुमच्या राउटरमध्ये राहते आणि कुणाला आधी सोडायचं ते तुम्हाला ठरवता येतं. हळदीचे व्हिडिओ चढत असतानाही गेम चालू शकतो. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर करा, पण लाईटचा भरवसा असेल तेव्हाच. अर्ध्या अपडेटमध्ये लाईट गेली तर राउटरची वीट होते.

आता ते पाचवं लक्षण. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत: कंपनीचा डबा आणि तुम्ही आणलेला. दोघेही दारवान, दोघेही अडवतात. तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देईल असा) टाका, नाहीतर कंपनीला त्यांचा डबा ब्रिज मोडवर (नुसतं नेट पुढे सोडेल असा) करायला सांगा. पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचे (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडण्याचे) कितीही व्हिडिओ बघून काही होणार नाही, वेगळा पब्लिक पत्ता मागावा लागतो आणि त्याचे पैसे लागू शकतात. मोबाइलवरचे बहुतेक गेम मोठ्या सर्व्हरवर चालतात, त्यांना याचा फारसा त्रास नाही. कन्सोलवाल्यांना होतो.

इथे हात थांबवा

राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. त्याने फॅक्टरी रीसेट होतो आणि कंपनीने घातलेलं यूजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्याचा क्रमांक) सगळं जातं. ते तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर चालू असलेलं नेटही बंद, आणि रविवारी कुणी फोन उचलत नाही. धरणगावच्या एका मुलाने हे दिवाळीच्या पहाटे केलं होतं.

फायबरचं टोक काढून आत डोळा लावून बघू नका. घराकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा असतो, तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. हिरव्या टोकाच्या जागी निळं टोक बसवू नका, दोघांचा काप वेगळा असतो आणि सिग्नल पडतो. फायबर खिळ्याभोवती करकचून गुंडाळलेला दिसला तर हलक्या हाताने मोकळा करा, त्यापुढे नाही. तुटलेला फायबर चिकटपट्टीने जोडता येत नाही. त्याला स्प्लायसिंग मशीन लागतं आणि ते केबलवाल्याकडेच असतं.

विजेच्या खांबावर चढू नका, लोंबणारी केबल बांबूने सारू नका. ती कशाला चिकटली आहे ते खालून कळत नाही. अडॅप्टर उघडू नका, मिनी यूपीएस फुगला असेल तर वापरू नका. मृगाच्या वेळी कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या लॅन पोर्टांचं कारण बहुतेक वेळा आकाशातली वीजच असते.

केबल लावूनही राउटरचा पिंग शांत, घरातले बाकी सगळे फोन काढलेले, तरी तीन रात्री बाहेरचा पिंग उडतोय, तर तुमच्याकडून आता काही राहिलेलं नाही. कंपनीला फोन करा, पण ‘गेम लॅग होतोय’ म्हणू नका. पलीकडचा माणूस राउटर रीस्टार्ट करायला सांगेल आणि ठेवून देईल. दोन्ही खिडक्या एकत्र दिसतील असा फोटो पाठवा, वेळ लिहा, वायरवर तपासलं हे लिहा. डब्याच्या स्टेटस पानावर येणाऱ्या सिग्नलचा आकडा असेल तर तोही द्या. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाईनमनला यावंच लागेल. तक्रार क्रमांक मागून घ्या. दोन-चार दिवसांत काही झालं नाही तर त्याच क्रमांकावर त्यांच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे फोनवर नुसतं म्हटलं तरी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माणूस दारात उभा असतो.


तो आला की त्याला आधी तुमच्या कॉम्प्युटरसमोर बसवा आणि दोन्ही खिडक्या दाखवा. चहा नंतर.